पाचशे चौरस फुटांचा समाजवाद

मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीतील उमेदवार मतदाराच्या दाराशी येतो तेव्हा त्याच्या हातातील पत्रकावर एक आश्वासन हटकून छापलेले असते : लहान घरांचा मालमत्ताकर माफ. २०१७ च्या निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ही माफी देण्याचे वचन दिले. १ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्या वचनाच्या पूर्ततेची घोषणा केली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ठाकरे बंधूंच्या आघाडीने ही मर्यादा ७०० चौरस फुटांवर नेण्याचे नवे वचन दिले. ‘ही माफी चुकीची आहे’ असे सांगून मते मागण्याचे धाडस कोणताही मोठा पक्ष करताना दिसला नाही.

याचे नवल वाटू नये. कर हा कोणालाच प्रिय नसतो, आणि माफी देणारा हात नेहमीच उदार दिसतो. नवल वाटावे ते दुसऱ्याच गोष्टीचे. समाजवादी विचारांचे अनेक कार्यकर्तेही या वचनाकडे ‘गरिबांच्या बाजूचा निर्णय’ म्हणूनच पाहतात, आणि वॉर्डातील प्रचारात स्पर्धकाने ७०० म्हटले की आपण ८०० का म्हणू नये, असा विचार त्यांच्या मनात डोकावू लागतो. हा विचार वेळीच तपासला नाही तर डाव्या चळवळीचा उमेदवार आणि बिल्डरांच्या मर्जीतला उमेदवार यांच्या पत्रकांत फक्त चौरस फुटांच्या आकड्याचा फरक उरेल. म्हणून येथे स्पष्टपणे मांडावयाचे ते असे की, सरसकट करमाफी ही गरिबांना दिलेली सवलत नसून महानगरपालिकेला जमिनीच्या व्यापाऱ्यांच्या दाराशी नेऊन बांधणारी दोरी आहे. आणि शहरातील श्रमिकाच्या हिताची भाषा बोलू इच्छिणाऱ्या उमेदवाराने ती दोरी वळण्यास हात लावता कामा नये.

कोणाला किती मिळाले?

प्रथम साधा हिशेब पाहू. ही माफी जाहीर झाली तेव्हा तिचा लाभ सुमारे १६ लाख घरांना होईल आणि सरकारी व पालिकेच्या तिजोरीचे मिळून वर्षाला ४६२ कोटी रुपयांचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज प्रसिद्ध झाला होता. या दोन आकड्यांचा भागाकार कोणीही करू शकतो. दर घरामागे वर्षाला सुमारे २,९०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २४० रुपये. ही सरासरी आहे. चाळीतल्या खोलीला याहून बरेच कमी आणि नव्या उंच इमारतीतल्या छोट्या पण महागड्या घराला याहून बरेच अधिक मिळाले असणार.

आता दुसरा हिशेब. ९ मे २०२५ रोजी बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. वातानुकूलित बसचे ६ वरून १२ झाले. रोज कामावर जाणारा आणि परतणारा एक माणूस महिन्यातून २५ दिवस बसने प्रवास करतो असे धरले, तर केवळ वाढीचा बोजा साध्या बसमध्ये २५० रुपये आणि वातानुकूलित बसमध्ये ३०० रुपये होतो. कुटुंबात बसने जाणारी माणसे दोन असतील तर तो दुप्पट. म्हणजे मालमत्ताकराच्या माफीतून सरासरी घराला जे महिन्याकाठी मिळाले, ते एकाच माणसाच्या बसभाड्याने परत घेतले, आणि वर दहा रुपये जास्त घेतले. एका हाताने दिल्याची जाहिरात झाली. दुसऱ्या हाताने घेतल्याची कोणी पत्रके वाटली नाहीत.

तिसरा हिशेब याहून बोलका आहे. १ एप्रिल २०२५ रोजी महानगरपालिकेने घनकचऱ्यासंबंधीच्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात घरोघरचा कचरा उचलण्यासाठी शुल्क सुचविले होते : ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, त्याहून मोठ्या म्हणजे ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला ५०० आणि त्यापलीकडे १,००० रुपये. पाचशे चौरस फूट म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. तेव्हा ज्या घराचा कर २०२२ मध्ये माफ झाला, नेमके तेच घर या शुल्काच्या पहिल्या पायरीवर उभे होते. सोळा लाख घरांकडून वर्षाला बाराशे रुपयांप्रमाणे घेतले तर १९२ कोटी होतात. पुढच्या दाराने सोडलेल्या रकमेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम मागच्या दाराने वसूल करण्याची ही सोय होती. मसुदा प्रशासकाचा होता, हे खरे. परंतु तिजोरीत खड्डा पडला की प्रशासक तो कोठून भरू पाहतो, याचा हा वस्तुपाठ आहे. कर गेला की शुल्क येते. करात श्रीमंताच्या घराला त्याच्या किमतीप्रमाणे अधिक द्यावे लागते. शुल्कात मलबार टेकडीवरील शंभर चौरस मीटरच्या घराला आणि मानखुर्दच्या तेवढ्याच घराला एकच आकडा लागतो.

ज्यांना काहीच मिळाले नाही

माफीचा नियम घराचे क्षेत्रफळ पाहतो. घराची किंमत पाहत नाही, मालकाचे उत्पन्न पाहत नाही, त्याच्या नावावर किती घरे आहेत हेही पाहत नाही. मुंबईत २०१० पासून मालमत्ताकर भांडवली मूल्यावर आकारला जातो. या पद्धतीत कितीही दोष असले, तरी महाग जागेला अधिक आणि स्वस्त जागेला कमी, हे न्यायाचे किमान तत्त्व तिच्यात आहे. माफीने हे तत्त्वच पुसून टाकले. दक्षिण मुंबईतील कोट्यवधींचे साडेचारशे फुटांचे घर आणि उपनगराच्या टोकाकडचे तेवढेच घर एकाच रांगेत बसले. गुंतवणूक म्हणून चार छोटी घरे घेऊन ती भाड्याने देणारा मालक चारही घरांसाठी ‘गरीब’ ठरला. त्याच्या भाडेकरूचे भाडे मात्र माफीमुळे कमी होण्याचे काहीच कारण नव्हते.

आणि शहरातला खरा गरीब? २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर मालमत्ताकराचे बिल सहसा येतच नव्हते. त्यामुळे माफ होण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हते. पदपथावर झोपणारा हमाल, दुसऱ्याच्या खोलीत पाळीपाळीने पथारी टाकणारा परप्रांतीय मजूर, सार्वजनिक शौचालयासाठी रोज पैसे मोजणारी घरकामगार स्त्री, यांच्यापैकी एकालाही या ‘गरिबांच्या’ निर्णयाने एक पैसा मिळाला नाही. उलट २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झोपडपट्ट्यांतील दुकाने, उपाहारगृहे, गोदामे अशा सुमारे ५० हजार व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ताकर बसवून ३५० कोटी रुपये उभे करण्याचा विचार मांडला गेला. व्यवसाय करणाऱ्याने कर द्यावा, हे तत्त्व मान्य केले तरी क्रम लक्षात घ्यावा : आधी पक्क्या घरांना सरसकट माफी, मग त्याची भरपाई धारावी-गोवंडीच्या गाळ्यांतून.

झोपडपट्टीतील माणसाची महानगरपालिकेकडे पहिली मागणी पाण्याची असते. मुंबईला सात तलावांतून पाणी येते. त्यातले बहुतेक पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ मुलखातून, जेथल्या आदिवासी पाड्यांच्या माथ्यावरील हंडा अजून उतरलेला नाही. ते पाणी शहरात आल्यावरही अनेक वस्त्यांना नळ मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागले. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये निर्णय दिला, की घर बेकायदेशीर असले तरी त्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण महानगरपालिकेने जाहीर केले ते मे २०२२ मध्ये, निकालानंतर तब्बल सात वर्षांनी. मालमत्ताकराच्या बिलात जलकर, जललाभकर, मलनिस्सारणकर, शिक्षण उपकर, रस्ताकर अशी निरनिराळी कलमे असतात. ज्या कराच्या पोटातच पाणी, शाळा आणि गटारे आहेत, तो बुडवून पाण्याचे, शाळांचे आणि गटारांचे वचन देणाऱ्या उमेदवाराला मतदाराने एवढेच विचारावे : नळ जोडण्याचा खर्च कोण करणार?

तिजोरीची किल्ली कोणाकडे?

या प्रश्नाचे उत्तर अर्थसंकल्पात आहे, आणि ते वाचण्याची तसदी उमेदवार घेत नाहीत. १ जुलै २०१७ पर्यंत मुंबई महानगरपालिकेचा मुख्य आधार जकात होता. वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून नुकसानभरपाई सुरू झाली. जकातीत अनेक दोष होते. ती नाक्यावर भ्रष्टाचार माजवीत असे आणि तिचा भार शेवटी ग्राहकावरच पडे. पण ती पालिकेची स्वतःची होती. २०२५-२६ च्या ७४ हजार ४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात जकातीच्या भरपाईपोटी १४ हजार कोटींहून अधिक रक्कम अपेक्षित होती. एवढ्या रकमेसाठी देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका मंत्रालयाच्या मर्जीवर अवलंबून राहिली.

स्वतःचे म्हणावे असे दोन मोठे स्रोत मग उरतात. पहिला मालमत्ताकर : त्याच अर्थसंकल्पात सुमारे ५,२०० कोटी. दुसरा विकास नियोजन खात्याचे उत्पन्न, म्हणजे मुख्यतः वाढीव चटईक्षेत्रासाठी बिल्डरांकडून घेतले जाणारे अधिमूल्य : सुमारे ९,७०० कोटी. या दोन आकड्यांत आजच्या नागरी राजकारणाचे सारे मर्म साठलेले आहे. जी संस्था आपल्या रहिवाशांच्या मालमत्तेपासून मिळणाऱ्या नियमित करापेक्षा जवळजवळ दुप्पट रक्कम बांधकामाच्या परवानग्यांतून मिळवते, ती संस्था त्या बांधकामांवर नियंत्रण कशी ठेवणार? नगररचना खाते हे शहराच्या गरजांचा विचार करणारे खाते न राहता चटईक्षेत्राची विक्री करणारी पेढी बनते. मैदान, बाजार, शाळेसाठी राखलेला भूखंड यांच्याकडे पाहताना मुलांची संख्या दिसत नाही. मिळू शकणारे अधिमूल्य दिसते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात आणखी एक दोष आहे. मालमत्ताकर हे वर्षानुवर्षे येणारे उत्पन्न आहे. अधिमूल्य एकदाच येते. पण त्या चटईक्षेत्रावर उभ्या राहिलेल्या मजल्यांना पाणी, मलनिस्सारण, रस्ता आणि कचऱ्याची सेवा मात्र कायमची पुरवावी लागते. एकदा मिळालेल्या पैशावर कायमचा खर्च चालविणे म्हणजे शेत विकून दर वर्षी बियाणे घेण्यासारखे आहे. शेत संपले की दुसरे शेत विकावे लागते. म्हणूनच प्रत्येक नव्या राजवटीत चटईक्षेत्र वाढते आणि पुनर्विकासाच्या योजनांना नवी सवलत मिळते. ही कोणा एका पक्षाची लबाडी नसून उत्पन्नाच्या रचनेची सक्ती आहे.

करमाफी ही सक्ती अधिक आवळते. रहिवाशाकडून कर घ्यायचा नाही असे ठरविले की बिल्डरकडून अधिमूल्य घ्यावेच लागते. आणि बिल्डर हा काही धर्मादाय संस्था नव्हे. तो दरासाठी घासाघीस करतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामावरील अधिमूल्यात त्या वर्षाच्या अखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, त्याच सरकारच्या काळात, लहान घरांची करमाफी जाहीर झाली. एका निर्णयाचे स्वागत उद्योजकांच्या संघटनांनी केले, दुसऱ्याचे शाखाशाखांतून पेढे वाटून झाले. दोन्ही निर्णयांचा तिजोरीवरील परिणाम मात्र एकाच दिशेचा होता. दुसरा निर्णय लोकप्रिय असल्यामुळे पहिल्याची चर्चा झाली नाही, हा योगायोग मानावा काय?

बस, रस्ता आणि मतदार

खर्चाची बाजूही तपासली पाहिजे. सागरी किनारा मार्गाच्या दक्षिण टप्प्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. या मार्गावर दुचाकी आणि रिक्षा यांना प्रवेश नाही. जो माणूस मोटार बाळगतो त्याच्यासाठी शहराने पथकराशिवाय एवढा मोठा मार्ग बांधून दिला. दुसरीकडे बेस्ट. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महानगरपालिकेने खाजगी कंपनीकडून ट्राम, बस आणि वीज हा सारा कारभार ताब्यात घेतला. विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून काढण्याची व्यवस्था पुढे कित्येक वर्षे चालली आणि तिच्या बळावर देशातील एक उत्तम शहर-वाहतूक उभी राहिली. नियामक व्यवस्थेने ही वाट २०१६ च्या सुमारास बंद केली. मग कंत्राटदारांच्या भाडोत्री गाड्या आल्या. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. जून २०१९ मध्ये स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचा समझोता झाला. तो कागदावर राहिला. उपक्रमाच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या, आणि थांब्यावर रांगा लांबत गेल्या.

२०२६ च्या निवडणुकीत या प्रश्नावर दोन भूमिका समोर आल्या. ठाकरे बंधूंच्या आघाडीने किमान भाडे पुन्हा ५ रुपये करण्याचे वचन दिले. हे वचन रास्त होते. पण त्याच वचननाम्यात मालमत्ताकराची माफी ७०० फुटांपर्यंत वाढविण्याचेही वचन असल्यामुळे भाड्यातील तूट कोठून भरणार, हे कोडे राहिले. महायुतीने महिलांना बसभाड्यात ५० टक्के सवलत देऊ केली. दहा रुपयांचे निम्मे पाच. म्हणजे मे २०२५ पूर्वी स्त्री, पुरुष, विद्यार्थी सगळे जे भाडे देत होते, तेच भाडे आता स्त्रियांना ‘भेट’ म्हणून परत मिळणार! आधी भाडे दुप्पट होऊ द्यावे आणि मग निम्मे माफ करून ओवाळणी मागावी, या चातुर्याला दाद द्यावीशी वाटते. त्याला धोरण म्हणणे मात्र कठीण आहे.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. ७ मार्च २०२२ रोजी महानगरपालिकेची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे २२७ नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक होता. बसभाडे दुप्पट झाले ते या काळात; कचरा-शुल्काचा मसुदा निघाला तोही या काळातच. सभागृह असते तर हे निर्णय झालेच नसते असे म्हणता येणार नाही. पण ते उघडपणे, प्रश्न विचारले जाऊन झाले असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिल्याला तीन दशके उलटून गेल्यावर देशाच्या आर्थिक राजधानीत हे घडले. अशा वेळी नगरसेवक होऊ पाहणाऱ्या उमेदवाराने सभागृहाचे अधिकार परत मागावयाचे, की ज्या माफीसाठी कायदा बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे ती स्वतःच्या नावाने वाटावयाची?

जुनी परंपरा

महाराष्ट्राला नागरी राजकारणाची याहून वेगळी परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजविण्यावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला तेव्हा त्याला एकट्या फुल्यांनी विरोध केला. करदात्यांचा पैसा शोभेवर न उधळता शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी कर माफ करा असे म्हटले नाही. कर कोणासाठी खर्च होतो, असे विचारले.

मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले. ते त्यांनी कोणाचा कर माफ करून मिळविले नव्हते. पाणी हा हक्क आहे, तो पुरविणे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी पैसा उभा करणेही तिचेच कर्तव्य आहे, हा आग्रह धरून मिळविले होते. हंडे घेऊन रस्त्यावर आलेल्या स्त्रियांची मागणी नळाची होती, बिलातील सवलतीची नव्हती.

मुंबईबाहेर पाहावयाचे तर पहिल्या महायुद्धानंतरचे व्हिएन्ना पाहावे. १९१९ ते १९३४ या काळात तेथे समाजवाद्यांची सत्ता होती आणि ह्यूगो ब्राइट्नर हे शहराचे वित्तप्रमुख होते. १९२३ पासून त्यांनी घरबांधणीसाठी एक खास कर लावला. तो सर्वांवर होता. कामगाराच्या छोट्या खोलीवर नाममात्र, आणि श्रीमंतांच्या प्रासादांवर जबर. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का मालमत्तांकडून या कराचा जवळजवळ ४५ टक्के हिस्सा येत असे. त्या पैशातून आणि इतर करांतून शहराने ६० हजारांहून अधिक घरे बांधली, पाळणाघरे, दवाखाने आणि वाचनालये उभारली. कामगाराने भरलेला नाममात्र कर त्याच्यावर अन्याय नव्हता. तो त्या शहरावरील त्याच्या मालकीचा दाखला होता. जो काही देतो तो हिशेब मागू शकतो. ज्याला सारे माफ झाले त्याच्या वाट्याला आभार मानणे तेवढे येते.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की गिरणी कामगाराची विधवा दोनशे पंचवीस फुटांच्या घरात राहते. तिच्याकडून कर घ्यावयाचा काय? उत्तर असे की, तिच्यासाठी माफी ठेवण्यास कोणाचाच विरोध असू नये. विरोध आहे तो तिला पुढे करून चार घरांच्या मालकाला तिच्या पाठीमागे लपविण्याला. माफीला घराचे मूल्य आणि मालकाच्या घरांची संख्या यांची मर्यादा घातली, दुसऱ्या-तिसऱ्या घरावर चढता दर लावला आणि कुलूप लावून ठेवलेल्या घरांवर वेगळा आकार बसविला, तर त्या विधवेला पूर्ण माफी देऊनही तिजोरीत आजच्यापेक्षा अधिक येईल. २०११ च्या जनगणनेच्या आधारे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने मुंबईत चार लाखांहून अधिक घरे रिकामी असल्याचे नमूद केले होते. ज्या शहरात लोक पुलाखाली झोपतात तेथे रिकाम्या घरांवर कर बसविण्याची मागणी पत्रकाच्या पहिल्या कलमात का असू नये?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कर मागणारा उमेदवार निवडून कसा येणार? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. परंतु माफीच्या स्पर्धेत उतरणारा समाजवादी उमेदवार तरी कोठे निवडून येतो? त्या स्पर्धेत ज्याच्याजवळ सत्ता आहे तो नेहमीच पुढे असतो, कारण वचन तो देतो आणि शासननिर्णयही तोच काढतो. लहान पक्षाच्या वाट्याला त्यात नक्कल करणाऱ्याचे हसे येते. उलट महिन्याला २४० रुपये मिळाले आणि बसभाड्यात २५० गेले, हा हिशेब पाचवी शिकलेल्या माणसालाही दोन मिनिटांत पटतो. तो पटवून देण्यासाठी ना जाहिरात लागते ना नट-नट्यांची मिरवणूक. थांब्यावरची रांग आणि हातातले तिकीट पुरते.

म्हणून पुढच्या वेळी मतदारांसमोर जाणाऱ्या उमेदवाराची भूमिका निःसंदिग्ध असावी. मालमत्ताकर चढत्या दराने आणि मूल्याप्रमाणे घेतला जाईल. खऱ्या लहान माणसाला माफी राहील, अनेक घरांच्या मालकाला राहणार नाही. कचऱ्यासारख्या मूलभूत सेवेसाठी सपाट शुल्क लावले जाणार नाही. बस शहराची राहील, कंत्राटदाराची होणार नाही, आणि तिचा तोटा हा तोटा मानला जाणार नाही, जसा रस्त्याचा किंवा पुलाचा मानला जात नाही. नळ प्रत्येक वस्तीत जाईल. चटईक्षेत्राच्या विक्रीतून मिळालेला पैसा दैनंदिन खर्चात न उडवता सार्वजनिक घरांसाठी, जलवाहिन्यांसाठी आणि रुग्णालयांसाठी वेगळा ठेवला जाईल, आणि त्याचा हिशेब दर वर्षी प्रभागाच्या सभेत मांडला जाईल.

कार्यकर्त्यांचे काम निवडणुकीच्या आधी महिनाभर सुरू होत नाही. दर वर्षी फेब्रुवारीत महानगरपालिकेचा अर्थसंकल्प सादर होतो. प्रत्येक वॉर्डातील दहा कार्यकर्त्यांनी तो मिळवून वाचावा. आपल्या प्रभागातून किती कर गेला, किती पाणी आले, किती बस कमी झाल्या, शाळेचे किती वर्ग बंद पडले, याचा तक्ता करून तो चाळीच्या जिन्यात आणि वस्तीच्या नाक्यावर लावावा. उमेदवार कोण हे नंतर ठरेल. ज्या वस्तीने हा हिशेब एकदा वाचला, ती पुढच्या वेळी चौरस फुटांचा आकडा घेऊन दारात आलेल्या माणसाला आधी बसचे तिकीट दाखवील.